पाठीखालचा हात

या सदरातले अनुभव मी वाचते ते जेवताना, करमणूक म्हणून. भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, आणि हे लिहून झाल्यावरही बसेल असं वाटत नाही. माझं पोटच मिलिमीटरवर आहे हो... सांगलीतल्या एका हॉस्पिटलमध्ये मी रेडिएशन टेक्नॉलॉजिस्ट आहे. स्क्रीनवर दिसतं ते खरं, बाकी सगळ्या गप्पा, असा माझा खाक्या.

आधी मशीनबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या खोलीत छताला तीन कॅमेरे आहेत. पेशंट टेबलावर उताणा झोपला की ते त्याच्या अंगावर उजेड टाकतात आणि छातीची हालचाल सतत बघत राहतात. बाहेर आमच्या स्क्रीनवर श्वासाची रेघ वरखाली होत असते. डाव्या स्तनाचा कॅन्सर असेल तर पेशंटनं छाती भरून श्वास घ्यायचा आणि वीसेक सेकंद धरून ठेवायचा. फुप्फुस फुगलं की हृदय किरणांच्या वाटेतून जरा बाजूला होतं. रेघ हिरव्या पट्ट्यात आहे तोवर किरण चालू, बाहेर गेली की मशीन आपणहून बंद.

शालनमावशी उंब्रजजवळच्या, पन्नाशी ओलांडलेल्या. त्यांचे मालक, म्हणजे आमचे काका, फौजेतून रिटायर झालेले. दोघं सांगलीत भाचीकडे राहून रोज सकाळी यायची. स्कॅनच्या दिवशी मावशींना श्वास झकास जमला होता. पण उपचाराच्या पहिल्या दिवशी ते जाडजूड दार सरकत बंद झालं, मी माईकवर म्हटलं, "श्वास घ्या... रोखा," आणि रेघ हिरव्या पट्ट्याला शिवून धाडकन खाली. आठ सेकंद. मग पाच. मग सहा. तुकड्यातुकड्यांनी कसेबसे किरण दिले.

बाहेर काका तापले. "घरी सकाळ-संध्याकाळ प्रॅक्टिस घेतोय मॅडम, घड्याळ लावून. थाम म्हटलं की थामायचं! त्यात काय अवघड हाय?"

"तुमी थाम म्हणला की मला खोकलाच येतोय," मावशी त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या.

मला हसू आलं. पण बोलता बोलता काका मनगटावरच्या घड्याळाची चावी उगाच फिरवत होते. माणूस रागावला नव्हता, घाबरला होता.

दुसऱ्या दिवशीही तेच. डॉक्टर म्हणाले, उद्या एकदा बघू, नाहीतर साध्या श्वासावर नवा प्लॅन करू.

"म्हंजी?" काकांनी विचारलं.

"म्हणजे हृदयाला थोडे किरण लागतील. टाळता आलं तर बरं."



तिसऱ्या दिवशी टेबलावर मावशींना सरळ करता करता मी विचारलं, "मावशी, खरं सांगा, भीती कशाची वाटते?"

त्या छताकडे बघत होत्या. "दार लागलं की हिरीत पडल्यागत वाटतंय बघ, पोरी." मग स्वतःशीच हसल्या. "आन हिरीतच पवायला शिकले मी. आमचे आप्पा पाठीखाली हात धरायचे. म्हणायचे, वारं भरून घे छातीत, मी हाय खाली."

त्यांचे वडील. जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. माझे पुढचे पेशंट खोळंबले होते आणि माझी जीभ मुळात तिखट. मी म्हटलं, "मग बोलवा की आप्पांना! म्हणावं, वीस सेकंद हात धरा, लेकीचं काम आहे."

मावशी हसल्या. मी बाहेर आले. दार लागलं.

"श्वास घ्या," मी म्हटलं. रेघ सावकाश वर आली, पट्ट्याच्या मधोमध थांबली... आणि तिथेच राहिली. कॅमेऱ्यात खोली मंद दिसत होती. मावशींच्या अंगावर तो उजेड पसरला होता, डोळे मिटलेले, हात डोक्यावर, आणि त्या टेबलावर झोपल्यासारख्या नाही, पाण्यावर पडल्यासारख्या दिसत होत्या. मी बघतच बसले. "सोडा" म्हणायचंसुद्धा विसरले. त्या वेळचे किरण कधीच देऊन झाले होते, रेघ तशीच होती. श्वास कितीही नीट रोखला तरी रेघ जराशी थरथरते, आत काळीज धडधडत असतं ना. ही हलतच नव्हती.

आमचे फिजिसिस्ट सर मागून जाताना थबकले. "फँटम ठेवलाय का गं?" फँटम म्हणजे मशीन तपासायला ठेवतो तो प्लॅस्टिकचा पुतळा, श्वास न घेणारा.

"नाही सर. शालनमावशी आहेत."

काहीजणी श्वास घ्यायचा सोडून पाठच उचलतात. मला वाटलं, तीच गडबड असणार. श्वास धरलेला असतानाच लगेच एक्सरे घेतला, मग आठवण होऊन "सोडा" म्हटलं. पाठ टेबलाला टेकलेली, हृदय व्यवस्थित बाजूला. एकही चूक सापडली नाही.

मी आत गेले. तिथे एरवी एसीचा कोरडा वास असतो. त्या सकाळी ओल्या दगडाचा वास आला... की मला तसं वाटलं, कोण जाणे. मावशी उठून बसल्या. गाऊन खांद्यावर चढवायला मी मागे गेले आणि माझा हात तसाच राहिला. डाव्या खांद्याच्या खाली, पाठीवर, लालसर वळ होता. तळवा. अंगठा. दोन लांब बोटं. पुढची दोन नव्हतीच. चादर चाचपली, टेबल चाचपलं, सगळं गुळगुळीत. मावशींच्या गाऊनचे बंद बांधून होईपर्यंत वळ गेलासुद्धा.

त्यानंतर रोज तसंच. रेघ सरळ, आणि पाठीवर तो वळ. मी मावशींना बोलले नाही, कुणालाच बोलले नाही. सांगणार तरी काय?

एकदा बाकावर काका चहा पीत बसले होते. मी सहज वाटावं असं विचारलं, "मावशींना पोहायला त्यांच्या वडिलांनी शिकवलं म्हणे?"

"हिला एकटीला व्हय? समद्या गावाला शिकवलं. लय जिद्दीचा माणूस. कडबाकुट्टीच्या मशिनीत हाताची दोन बोटं गेलेली, करंगळी आन तिच्या शेजारचं. तरी त्याच हातावर पोरं तरंगवायचा."

त्यांनी मला चहा विचारला. मी नको म्हटलं, बहुतेक. नीट आठवत नाही.

शेवटच्या दिवशी दार लागलं, मावशींनी श्वास घेतला. रेघ पट्ट्यात आली आणि थरथरायला लागली. पण ती खाली पडली नाही. थरथरत, डुगडुगत, बाकी कुणाही बाईच्या रेघेसारखी, शेवटपर्यंत पट्ट्यातच राहिली.

मी जवळजवळ पळतच आत गेले. पाठ स्वच्छ होती.

"मावशी, आज..."

"आज हात न्हवता," त्या म्हणाल्या. मी त्यांना वळाबद्दल एका शब्दानंही कधी बोलले नव्हते. "आप्पांची रीतच हाय ती. पवायला आलं की न सांगता हात काढून घेत्यात." मग त्यांचा आवाज एकदम लहान मुलीचा झाला. "तरी मला वाटलेलं, शेवटच्या दिवशी तरी ऱ्हातील."

त्या रडल्या. खोटं कशाला सांगू, मीही रडले.

बाहेर काका उभे होते. "किती सेकंद?"

"बावीस, काका."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि खिशात टाकून दिलं.

नंतर धीर करून मी सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, चादरीच्या चुण्या उमटल्या असतील. असतील. चुणीला अंगठा असतो का, ते मी विचारलं नाही. मशीन त्यांनी पुन्हा तपासलं, त्यात काही दोष नाही. मला आजही याचा अर्थ लागलेला नाही आणि लागेल असं वाटत नाही.

एवढं मात्र झालंय, की माईकवर मी आता "रोखा" म्हणत नाही. "छाती भरून घ्या, मी आहे," असं म्हणते. आणि दार लावायच्या आधी प्रत्येकीच्या पाठीखालची चादर सारखी करताना माझा हात तिथे जरा जास्तच वेळ राहतो.