हार्लनच्या ट्यूबमध्ये हवा

काय सांगू! हार्लन स्टकीच्या टीव्हीची ट्यूब मी मारली. मी, व्हर्न, त्याचा तीस वर्षांचा दोस्त!

हार्लन म्हणजे आमच्या ओहायोतल्या गावाचा स्कूलबस मेकॅनिक, आता निवृत्त. त्याच्या गॅरेजमध्ये गाडी मावत नाही, कारण तिथे एकोणीस जुने टीव्ही. ते दुरुस्त करताना जुन्या कपॅसिटरच्या, म्हणजे आतल्या विजेच्या एका सुट्या भागाच्या, पुठ्ठ्याच्या कवचात हा नवा भाग बसवतो आणि जुनाच दिसावा म्हणून वरून मेण ओततो. अरे, पण आत कोण बघणार आहे? "मला माहीत असतं ना," म्हणतो. असला हट्टी माणूस!

त्याच्या वडिलांनी एकोणपन्नास साली घेतलेला टीव्ही मात्र नऊ वर्षं आंधळा पडला होता. आवाज यायचा, चित्र नाही. त्या मॉडेलची पिक्चर ट्यूब कुठे मिळेना. त्याची आई, आर्डिथकाकू, त्र्याण्णव वर्षांच्या. डॉक्टरांनी पुढच्या महिन्याची खात्री दिली नव्हती. रविवारी त्यांना वृद्धाश्रमातून तासभर घरी आणायचं आणि त्या पूर्वी बघायच्या तशी त्याच टीव्हीवर जुन्या कुस्तीची टेप दाखवायची, एवढंच हार्लनला हवं होतं. "ट्यूबचं मी बघतो," म्हणाला आणि विषय बदलला.

शनिवारी सकाळी आम्ही गॅरेजमध्ये काकूंच्या व्हीलचेअरसाठी वाट मोकळी करत होतो. मेलेली ट्यूब तशीच फेकता येत नाही. आत हवा नसते, फुटली तर काचा अंगावर येतात. म्हणून आम्ही आधी मागचं बूड काढून काचेचं टोक पकडीने मोडतो, म्हणजे हवा आत शिरते. "दाराजवळच्या सहा उरक," म्हणून हार्लन कॉफी आणायला गेला. सहा उरकल्या. मला कुठला दम! फळीखाली ब्लँकेटमागे सातवं खोकं दिसलं. वर त्याच्याच अक्षरात 'मेली'. मी टोक मोडलं.

फुस्स.

हार्लन दारात उभा होता. तोंड पांढरंफटक.

"ती कुठून काढलीस?"

"फळीखालून. मेली लिहिलंय की!"

"चांगली होती रे, व्हर्न."

आणि मी काय करावं? उलट त्याच्यावरच खेकसलो. "मग गाढवा, मेली कशाला लिहिलंस?"

"तुझ्या टीव्हीची ट्यूब अंधुक झालीय. ही दिसली असती तर तू मागितली असतीस." तो खाली बसला. "आणि मला तुला नाही म्हणता येत नाही."

त्याने थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. कारण मी मागितलीच असती. काकूंचं माहीत असूनही मागितली असती.

माझा टीव्ही त्याच मॉडेलचा, हार्लननेच शोधून दिलेला. घरी जाऊन मी त्याची ट्यूब काढली आणि आणून त्याच्यासमोर ठेवली. आम्ही दोघांनी ती बसवली.

रविवारी काकूंसमोर चित्र आलं, पण धुक्यातून बघावं तसं. काकू पुढे वाकल्या.

"हार्लन, आधी दिवा घालव. कुस्ती अशी उजेडात बघतात होय?"

त्याने दिवा घालवला. काकूंनी डोळे बारीक केले आणि मग खुर्चीच्या हातावर मूठ आपटून ओरडल्या, "अरे, बघतोस काय मेल्या, पाड त्याला!"