मिठागराचा हात

आमच्या घरात एक गोष्ट चाळीसेक वर्षं सांगितली जाते. मी माझ्या आत्याला भर अंगणात गप्प केलं आणि बायकोची बाजू घेतली, अशी ती गोष्ट. मुलांनी ती ऐकली, जावयाने ऐकली, आता नातवंडं ऐकतात. ती खोटी आहे आणि ती पसरवली मीच. पंचाहत्तरी उलटली, आता खरं लिहून ठेवतो.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आगाशीजवळ आमची केळीची वाडी. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, बांबूच्या पाट्यांवर उन्हात वाळवायची आणि सात-आठ दिवसांनी मधाच्या रंगाची झाली की सुक्या केळीच्या पानात घट्ट बांधायची. हीच आमची सुकेळी. काम बायकांचं. नवी सून घरची झाली की नाही, हे तिला सुकेळीला कधी बसवतात त्यावरून ठरायचं. पुरुषांकडे एकच जबाबदारी, दव पडायच्या आत पाट्या उचलून घरात घ्यायच्या. दव लागलेलं केळं वरून चांगलं दिसतं, पण चार दिवसांनी त्याला बुरशी धरते आणि शेजारच्या केळ्यांनाही लागते.

आई लवकर गेली होती. वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या, तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. तिनेच मला वाढवलं आणि सुकेळीत तिचाच शब्द शेवटचा. माझी बायको आमच्याच जातीतली, पण खाडीकाठच्या गावची. तिचे वडील मिठागरावर कामाला. ती ‘पानी’ म्हणायची, ‘कोनी’ म्हणायची. आत्या तिच्या बोलण्याची नक्कल करायची, “सूनबाई, पानी आन गो,” आणि शेजारणी हसायच्या. मीही हसायचो. हेही लिहायलाच हवं.

लग्नाला वर्ष झालं तेव्हा आत्याने तिला पहिल्यांदा सुकेळीला बसवलं. साली काढण्यापासून उलटण्यापर्यंत सगळा माल त्या वेळी तिच्या हातचा. मधल्या एका रविवारी आत्या चांदीपला लग्नाला गेली आणि बायको माहेरी, वडिलांना बघायला. निघताना ती दोनदा म्हणाली, “अहो, ऊन उतरलं की उचला हां.”

दुपारी मित्र सायकल घेऊन आला. अर्नाळ्याच्या वाळूवर कबड्डीचे सामने होते. म्हटलं, एक सामना बघून येऊ. पण शेवटचा सामना सुटला तेव्हा दिवे लागले होते. परत येऊन पाट्यांना हात लावला तर बांबू ओला. मी पंच्याने वरवर पुसलं आणि पाट्या ओटीवर रचून ठेवल्या. तेवढ्यात बायको आली.

“पाट्या उचलायला उशीर झाला का?” तिने विचारलं.

“नाही. कधीच उचलल्या.”

तिने सगळ्यात वरच्या पाटीच्या कडेवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि आत चूल पेटवायला गेली.

चार दिवसांनी माल बांधायला शेजारच्या तिघी-चौघी अंगणात बसल्या. आत्याने पहिली पाटी ओढली आणि हात मागे घेतला. पांढरी बुरशी. दुसरी पाटी तशीच. तिसरीही.

“मी म्हटलंच होतं,” आत्या म्हणाली. “मिठागराचा हात गोडाला लावला की हेच व्हायचं. खाऱ्या जमिनीत कधी केळ रुजते का?”

एकजण फिसकन हसली. आत्याला जोर आला. “उद्यापासून हिने सुकेळीला बसायचं नाही. चूल सांभाळ म्हणावं. तिथे मीठ चालतं.”

मी विहिरीपाशी पोहरा धरून उभा होतो. एका वाक्याचं काम होतं, ‘आत्या, चूक माझी.’ मी पोहरा विहिरीत सोडला.

बायकोने हातातलं पान खाली ठेवलं. उभीही राहिली नाही. रोज बोलते त्याच आवाजात म्हणाली, “आत्याबाई, मी मिठागरातलीच. माझ्या बापाचं मीठ तुमच्या लोनच्यात आहे. ते कधी बिघडलं नाही.”

आता कोणी हसलं नाही.

“तोंड वर करून बोलतेस?”

“वर नाही, समोर बघून बोलते. माल गेला, त्याचं मलाही वाईट वाटतं. कशानं गेला विचाराल तर सांगते, दव लागलं. पन माझ्या माहेराला नाव ठेवू नका, ते मी ऐकून घेनार नाही.”

“दव लागलं? कुणी लावलं?”

“ते ज्याचं त्यानं सांगावं.”

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. मी पोहरा ओढत राहिलो.

“आनि उद्या मी सुकेळीला बसनार,” ती म्हणाली. “हे काम मला येतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खरंच सुरी घेऊन बसली. आत्या दारात आली. मग पिकलेल्या केळ्यांचा एक फणा उचलून तिच्यापुढे ठेवला. “शिरा नीट काढ,” एवढंच म्हणाली. मिठागराचा शब्द तिने पुन्हा काढला नाही, नक्कलही बंद झाली.

आठवड्याने नाक्यावर मित्राने विचारलं, “काय रे, तुझ्या घरी आत्याला कोणी सुनावलं म्हणे?”

“बोलावं लागलं,” मी म्हणालो. कोणाला बोलावं लागलं, ते सांगितलं नाही. बाकीचं लोकांनी जुळवलं आणि मी जुळवू दिलं. पुढे मुलं मोठी झाली तेव्हा मीच त्यात रंग भरला, पोहरा आपटून मी अंगणात आलो वगैरे. बायको तिथेच तांदूळ निवडत असायची. तिने एकदाही खोडून काढलं नाही. आत्याही गेली. खरं तिला कळलंच नाही, हे ओझं मी इतकी वर्षं वागवलं.

गेल्या महिन्यात नातीला सासरचं कोणीतरी तिच्या रंगावरून बोललं. ती रडत घरी आली आणि म्हणाली, “आजोबा, तुम्ही आत्याला काय बोलला होता, ते मला शिकवा.”

सगळे बसले होते. मी म्हणालो, “मी बोललो नव्हतो. तुझी आजी बोलली होती. पाट्या उचलायला उशीर मी केला होता, आणि विहिरीपाशी गप्प उभा होतो तो मी. शिकायचं तर तिच्याकडून शीक.”

मी बायकोला म्हणालो, “आत्याला हे सांगायचं राहून गेलं.”

“आत्याबाईंना कळलं होतं,” ती म्हणाली. “भांडनाच्या रात्रीच त्यांनी पाट्या पाह्यल्या. बांबूत तुमच्या पंच्याचे धागे अडकले होते. वेळेवर उचललेल्या पाट्या कोनी पुसत नाही.”

“मग बोलली का नाही कोणी?”

“तुम्ही कधी बोलता, ते बघत होतो.”

मग तिने नातीला जवळ बसवलं. “आधी पानी पी,” म्हणाली. “रडत बोललं की लोकं रडनं ऐकतात, बोलनं नाही. आता सांग, कोन नेमकं काय म्हनालं?”