सभा तहकूब, चहा घ्या

गणपूर्ती म्हणजे काय, हे तुम्हाला कुणी कधी सांगितलंय का? सभा भरायला किमान जितके सभासद हजर लागतात, ती संख्या म्हणजे गणपूर्ती. गवती चहाचा वास आला की मला वर्तकनगरमधल्या आमच्या सोसायटीची ती सभा आठवते. वाचनालयाची खोली बिल्डरला ऑफिससाठी द्यायचा ठराव होता आणि बहुतेक खुर्च्या रिकाम्या होत्या. सेक्रेटरीकाका खुशीत म्हणाले, "सभा तहकूब. चहा घ्या. अर्ध्या तासाने हीच सभा, तिला गणपूर्ती लागत नाही." दरवर्षी असंच चालायचं, नि उरलेले चार जण हवा तो ठराव मंजूर करून टाकायचे. शेजारच्या काकूंनी कप खाली ठेवला आणि जिना चढत घरोघरी बेल वाजवली. "अगं, गॅस बंद कर नि खाली ये! पोरं अभ्यासाला काय तुझ्या ओट्यावर बसणार?" कुणी बर्मुड्यावर आलं, कुणी गाऊनवर ओढणी घेऊन. काका वैतागले, "अहो, एवढ्या लोकांची आता गरज नाहीये!" "तुम्हाला नाही, आम्हाला आहे," काकू म्हणाल्या. हात वर झाले आणि ठराव पडला. आज त्याच खोलीत बसून मी हे लिहितेय. तुमच्या लिफ्टजवळ सभेची नोटीस लागली, की दिलेल्या वेळेला खाली उतरा, आणि उतरताना शेजारची बेल वाजवा.