हरणाऱ्याने मागायची गाडी

मास्तर एक डोळा मिटून पाहू लागले की खात्यात कोणी बोलत नसे. रंगवलेल्या कापडाचे दोन तुकडे खिडकीच्या उजेडात शेजारी धरायचे आणि म्हणायचे, "फरक दिसला म्हणजे काम कच्चं."

उधन्याच्या मिलमध्ये ते डाइंग मास्तर होते. माझ्या घरातला मी पहिला पदवीधर. शिरपूरहून आलो तेव्हा पहिली नोकरी त्यांच्याच हाताखाली मिळाली, हे मी विसरू शकत नाही.

रविवारी सकाळी मास्तर वेगळेच दिसत. पर्वत पाटियाच्या पलीकडे, अर्धवट राहिलेल्या एका वसाहतीतला सरळ रस्ता मालकाच्या परवानगीने मिळायचा. दोन्ही टोकांना दोर, कडेला रुग्णवाहिका. दोन मोटारसायकली एका रेषेवर उभ्या राहायच्या आणि मी निशाण खाली केलं की सुटायच्या. पलीकडची रेषा आधी ओलांडेल तो जिंकला. निशाण माझ्याकडे का, असं कोणी विचारलं तर मास्तर घरच्या अहिराणीत अभिमानाने सांगत, "शिकेल माणूस शे तो!"

पुढे व्यापाऱ्यांची मुलं महागडे भाग बसवलेल्या गाड्या आणू लागली. अर्ध्या रस्त्यातच निकाल दिसायचा. साध्या गाड्या घेऊन येणारी लूमवरची माणसं येईनाशी झाली. मास्तरांना ते फार लागलं. "हारेल माणूस परत उना पाहिजे," ते पुटपुटत. हरलेला माणूस परत आला पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

एका रविवारी त्यांनी नवा नियम सांगितला. हरलेल्याने मागितली, तर जिंकलेल्याने आपली गाडी त्याच्या गाडीशी बदलून द्यायची. कागदपत्रं नंतर नावावर करायची.

"आवुं ते होय, मास्तर? असं कुठं असतं?" कापडवाल्यांचा एक मुलगा ओरडला. "लाखाची गाडी देऊन खटारा घ्यायचा?"

"द्यायला जीव जातो ना? मग जेवढी देववेल तेवढीच गाडी आण, शेठ."

सगळे हसले, पण नियम टिकेल असं कोणालाच वाटत नव्हतं.

त्याच दिवशी मास्तर स्वतः उतरले. त्यांची जुनी टू-स्ट्रोक तुम्ही पाहायला हवी होती! टाकीचा जांभळा रंग त्यांनी स्वतः जुळवला होता; तसली छटा मिलमध्येही कोणाला दिली नाही. समोर गोडादऱ्याचा एक लूम कारागीर होता, मूळचा परभणीकडचा. पोराला बसवायची छोटी खुर्ची त्याने गाडीवरून काढून कडेला ठेवली होती.

मास्तर जिंकले. पण इतकं थोडक्यात, की पलीकडच्या टोकाला आरडाओरडा झाला.

दोघे वळून माझ्या रेषेवर परत आल्यावर कारागीर हसत हात मिळवायला आला. मास्तरांनी हात मागे घेतला.

"माग."

"काय, मास्तर?"

"गाडी."

"तुमची कशी मागू? लोक थुंकतील माझ्यावर."

"आज मला सोडलंस, की उद्या शेठला सोडशील. मग तू घरीच बसशील. माग!"

कापडवाल्यांची मुलं टक लावून पाहत होती. शेवटी मान खाली घालून कारागीर म्हणाला, "द्या."

मास्तरांनी चावी दिली. "थंडीत चोक ओढ. दोन किका जास्त लागतात, तिच्यावर चिडू नको." मग कडेची खुर्ची उचलली आणि स्वतःच्या हातांनी जांभळ्या टाकीमागे बांधून दिली. एवढा मोठा माणूस मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता.

"आणि तुझी गाडी परत हवी असेल," त्याची गाडी घेऊन जाताना ते ओरडले, "तर पुढच्या वेळी पुन्हा हर!"

पुढची वेळ आलीच नाही. त्याच महिन्यात मास्तर झोपेतच गेले.

नियम मात्र आजही आहे. महागड्या गाड्या कोणी आणत नाही. कधी कधी दोन गाड्या इतक्या बरोबरीने पोहोचतात, की पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्यांनाही फरक दिसत नाही.

दर रविवारी पहिली फेरी त्या कारागिराची असते. खुर्ची काढून तो जांभळी गाडी रेषेवर आणतो. शेजारची मास्तरांची जागा रिकामी ठेवतात. मी निशाण खाली करतो. तो लगेच सुटत नाही. रिकाम्या जागेला पुढे जाऊ देतो, मग निघतो.