जयवंतीबाईंचे बार्बाडोस

सहलीला आम्ही आठ दिवस गेलो होतो. सहलीचे किस्से मात्र आठावर थांबायला तयार नाहीत. नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत कोणाकडे चार माणसे जमली की "ते बार्बाडोसचं सांगा ना!" अशी फर्माईश होते, आणि दर वेळी कोणीतरी त्यात पदरची भर घालते. जयवंतीबाईंनी विमानात सुके बोंबील भाजून मागितले, असे तिसऱ्या मजल्यावरच्या एका सद्गृहस्थांनी मलाच सांगितले. मी त्या विमानात होते हे ते विसरले असावेत! हे साफ खोटे आहे. बोंबील होते, पण ते चेक-इन केलेल्या बॅगेत होते.

म्हणून आज फक्त मी स्वतः पाहिले आणि ऐकले तेवढेच लिहिते.

जयवंतीबाई उरणजवळच्या कोळीवाड्यातल्या. आठवड्यातले तीन दिवस त्या पनवेलच्या मासळी बाजारात बसतात आणि बाजार आटोपला की उरलेली पाटी घेऊन आमच्या सेक्टरमध्ये येतात. 'उरलेली' हा माझा शब्द. त्यांच्या मते ती 'मॅडमसाठी राखलेली' असते. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली. एकुलता एक मुलगा नीलेश बारावीला माझ्या रसायनशास्त्राच्या वर्गात होता. द्रावणांपेक्षा रश्श्यात त्याला अधिक गती आहे, हे मी तेव्हाच ओळखले होते. पुढे तो हॉटेल मॅनेजमेंट शिकला, जहाजाच्या किचनमध्ये लागला आणि शेवटी बार्बाडोस नावाच्या कॅरिबियन बेटावर, समुद्रकाठच्या एका हॉटेलात स्थिरावला. चार वर्षांत तो एकदाही घरी आला नव्हता.

२०११च्या एप्रिलमध्ये त्याने आईला तिकडे बोलावले. आईने एकच अट घातली. "मॅडम येत असल्या तरच येईन. माजं इंग्लिश त्या बोलतील." माझे पती श्रीरंग यांनी ही अट पूर्ण ऐकण्याआधीच होकार दिला. निवृत्तीनंतर समुद्रकिनाऱ्यावर आडवे पडायचे, हे त्यांचे जुने स्वप्न होते. किनारा घरापासून तासाभरावर असताना त्यासाठी अर्धी पृथ्वी ओलांडायची का, हे मी विचारले तेव्हा ते उन्हाची टोपी शोधत होते.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात नीलेशचा मला वेगळा फोन आला.

"मॅडम, एक काम होतं. इथे रिसेप्शनला मार्शा म्हणून मुलगी आहे. इथलीच. आम्हाला लग्न करायचंय. आईला तुम्ही सांगाल?"

"तू स्वतः का सांगत नाहीस?"

"मी सांगितलं तर ती रडेल. तुम्ही सांगितलंत तर ती विचार करेल."

"आणि विचार करून नाही म्हणाली तर?"

"मग नाही, मॅडम. तिच्या मनाविरुद्ध मी करणार नाही. मार्शालाही तसं सांगून ठेवलंय."

अशा रीतीने, दोन बॅगा, एक पर्स आणि दोन माणसांचे भवितव्य एवढे सामान घेऊन मी विमानात बसले.

*

बार्बाडोसच्या विमानतळावरच्या अर्जात 'व्यवसाय' या रकान्यात मी जयवंतीबाईंसाठी 'स्वयंरोजगार' असे लिहिले होते. खिडकीतल्या अधिकारी बाईंनी विचारले, "कसला?"

मी वाक्य जुळवत होते. तेवढ्यात जयवंतीबाईंनी डाव्या हातात एक अदृश्य मासा धरला. उजव्या हाताने त्याचे खवले काढले, पर छाटले, सफाईने तुकड्या पाडल्या, पिशवीत भरल्या आणि ती पिशवी खिडकीतून आत सरकवली.

बाईंनी ती घेतली!

"ताजा आहे ना?" त्यांनी गंभीरपणे विचारले. मी भाषांतर केले. जयवंतीबाईंनी दुसरा अदृश्य मासा उचलला, त्याचा कल्ला उघडला आणि बाईंच्या नाकासमोर धरला.

शिक्का बसला. शिवाय कोणत्या बाजारात सकाळी किती वाजता होड्या लागतात, हे बाईंनी एका चिठ्ठीवर लिहून दिले. माझ्या दोन पदव्यांची मात्र कोणीही दखल घेतली नाही, आणि श्रीरंगना परतीचे तिकीट तीनदा दाखवावे लागले.

*

पहिल्या दिवशी नीलेशने आम्हाला हॉटेलच्या किनाऱ्यावर नेले. पांढरी वाळू, निळे-हिरवे पाणी आणि त्याच्या काठाने अंगाला तेल चोपडून ओळीने पडलेले गोरे पाहुणे. जयवंतीबाई कंबरेवर हात ठेवून ती ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत निरखत होत्या.

"मॅडम, ही मानसं वाळत घातलीन का?"

"ऊन खात आहेत. त्यांच्याकडे ऊन कमी असतं."

"पन मग उलटायला कोन नाय? एका अंगानं करपतील."

त्याच क्षणी ओळीतले एक जाडजूड गृहस्थ सुस्कारा टाकून पालथे झाले. जयवंतीबाईंच्या चेहऱ्यावर निखळ कौतुक पसरले. "आपले आपनच उलटतात! आमच्या बोंबलांना एवढी अक्कल असती तर!"

श्रीरंग पुढचे तीन दिवस उताणे पडून राहिले. कूस बदलायला त्यांना लाज वाटत होती.

*

त्याच संध्याकाळी सांगून टाकावे असे मी ठरवले होते. सूर्य कलला होता, वारा मंद होता आणि किनाऱ्यावरची सगळी माणसे गप्प बसून पाण्याकडे पाहत होती. प्रास्ताविकासाठी याहून योग्य वातावरण मिळाले नसते.

"जयवंतीबाई," मी सुरुवात केली.

"मॅडम, कोनाची होडी यायची राहिलीय का?" त्यांनी दबक्या आवाजात विचारले.

"नाही. का?"

"मग ही सगळी दर्याकडं बघत का बसलीत?"

"सूर्यास्त बघत आहेत. सुटीवर आली आहेत."

त्यांनी मावळत्या सूर्याकडे एकदा पाहिले. मग म्हणाल्या, "आमी दर्याकडं तोंड करून बसतो ते होडी आली नाय तरच. रिकामी अशी आजच बसले."

आणि त्या खरोखरच बसल्या. कंबरेला खोचलेला पदर सोडून, पाय पसरून, अंधार पडेपर्यंत. माझे प्रास्ताविक मी गिळून टाकले.

*

काचेच्या तळाच्या होडीतून समुद्रातले मासे दाखवतात. आम्हीही गेलो. खालून पिवळे, जांभळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे जाऊ लागले तसे बाकीचे पर्यटक "आहा!" करू लागले. श्रीरंगही करू लागले.

जयवंतीबाईंनी काचेवर बोट टेकवून विचारले, "याचं कालवन कसं लागतं?"

मी विचारले. गाइड दचकला. हे मासे खात नाहीत, त्यांना पकडायलाही बंदी आहे, असे त्याने सविस्तर समजावले.

"मग दाखवतो कशाला?" असे म्हणून जयवंतीबाई काचेकडे पाठ करून बसल्या आणि उरलेला अर्धा तास होडीच्या इंजिनाकडे पाहत राहिल्या. उतरताना त्यांनी गाइडला इंजिनातला एक ढिला नट दाखवला. तो खरोखरच ढिला होता.

*

चौथ्या दिवशी हॉटेलच्या मोठ्या रेस्टॉरंटमध्ये जेवण होते. पांढरे टेबलक्लॉथ, तीन प्रकारचे काटे आणि शेफच्या उंच टोपीत नीलेश. प्रत्येकाच्या बशीत मधोमध माशाची एक चौकोनी तुकडी आली. हाड नाही, कातडी नाही, बाजूला हिरव्या सॉसचे चार थेंब.

जयवंतीबाईंनी बशी फिरवून चारही बाजूंनी पाहिली. "डोकं नाय, शेपूट नाय. नीलेश, ह्यो मासा हाय का पनीर?"

"आई, इथे असंच खातात."

"डोकी कुठं हायत?"

"टाकतात, आई."

हे ऐकून त्यांनी हातातला काटा खाली ठेवला. पाहुण्याच्या पानात डोके वाढायचे, हा त्यांच्या घरचा मान; आणि इथे पोटचा पोर डोकी फेकत होता! त्या उठल्या आणि सरळ किचनमध्ये गेल्या. मीही धावले, कारण माझ्यावर इंग्रजीची जबाबदारी होती. तिची गरजच पडली नाही. बर्फातली सहा डोकी त्यांनी स्वतः निवडली, हळद-मिरची-चिंच मायदेशातून आली होतीच, आणि अर्ध्या तासाने ताटकळलेल्या सगळ्या कुकांनी पाव बुडवून ते कालवण संपवले. एका कुकने पातेले पुसूनही खाल्ले.

त्या खुशीत होत्या. हीच वेळ, असे मला वाटले. पण नीलेशने 'हॉटेलातली सहकारी' एवढीच ओळख करून दिलेली मार्शा बाजूला उभी होती, ती नेमकी तेव्हाच पुढे आली आणि म्हणाली, "उद्या सगळ्यांनी माझ्याकडे जेवायला यायचं. मासा मी करणार!"

नीलेशने माझ्याकडे पाहिले. मी घड्याळाकडे.

*

मार्शाचे घर लाकडी, छोटे आणि अत्यंत नीटनेटके होते. मक्याच्या पिठात भेंडी घालून केलेला एक पदार्थ तिने आधीच रांधून ठेवला होता. "ही तर आपली उकड!" म्हणून जयवंतीबाईंनी दोनदा मागून घेतला. इथवर सारे उत्तम चालले होते.

मग मार्शाने मासा कापला, आणि कापलेल्या तुकड्या लिंबू पिळलेल्या मिठाच्या पाण्यात धुतल्या. पाणी ओतले. पुन्हा लिंबू, पुन्हा मीठ, पुन्हा धुतल्या. त्या बेटावर याशिवाय मासा शिजवणे हा घाणेरडेपणा समजतात. जयवंतीबाईंच्या कोळीवाड्यात मासा धुवायचा तो कापण्याआधी. कापल्यावर फार धुतला की चव गेली.

तिसऱ्यांदा लिंबू पिळले गेले तेव्हा त्यांना राहवले नाही. "अगो, मेलाय तो! त्याला आता किती आंगोल घालतेस?"

"काय म्हणाल्या?" मार्शाने उत्सुकतेने विचारले.

आयुष्यात मी जाणूनबुजून चुकीचे भाषांतर एकदाच केले आहे. "तुझ्या स्वच्छतेचं कौतुक करत आहेत," मी म्हणाले. मार्शाने आनंदाने चौथे लिंबू घेतले.

परतताना नीलेश माझ्या कानाशी कुजबुजला, "मॅडम, आता नका सांगू! आईचा चेहरा बघितलात ना? ती नाहीच म्हणणार."

"नीलेश, परवा आमचं विमान आहे. उद्या सकाळी सांगणार. उत्तर काहीही येवो."

तो माझी नजर चुकवून आईची पिशवी घ्यायला पुढे गेला.

*

निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळी जयवंतीबाई नेहमीप्रमाणे मासळी बाजारात होत्या. चिठ्ठीतला तो बाजार त्यांनी दुसऱ्याच दिवशी शोधून काढला होता आणि रोज पहाटे तिथे एका धिप्पाड कोळणीच्या शेजारी जाऊन बसत होत्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. बोलणे मात्र अखंड चाले. मार्शा आम्हाला गाडीतून सोडायला आली. नीलेशला ड्यूटी होती. खरे तर त्याला यायचे धैर्य नव्हते. त्या धिप्पाड बाईंनी मार्शाला पाहताच मिठी मारली, तेव्हा त्या तिच्या सख्ख्या आत्या आहेत हे आम्हाला कळले.

मी जयवंतीबाईंना बाजूला घेतले आणि तयार केलेले निवेदन मुद्देसूद मांडले. नीलेशला या मुलीशी लग्न करायचे आहे. वय अठ्ठावीस. पदवीधर. नोकरी कायम. स्वभाव शांत. पूर्वी विवाह झालेला नाही. आणि तुम्ही नाही म्हणालात, तर तो करणार नाही.

त्यांनी सगळे ऐकून घेतले. रडल्या नाहीत. समोरच्या फळीवरचा एक घसरलेला मासा त्यांनी सरळ केला.

"मॅडम, तिला एक विचारा."

धर्म, जात, राहणार कुठे, मुले कोणती भाषा बोलणार... सगळ्या प्रश्नांची उत्तरे माझ्याजवळ तयार होती. "विचारते. काय विचारू?"

"मासली कदी इकलीय का?"

हा प्रश्न मला गैरलागू वाटला, पण मी शब्दशः विचारला. मार्शा हसली. शाळेत असताना दर शनिवारी ती याच फळीमागे आत्याबरोबर बसायची, म्हणाली.

"सांगून काय व्हतंय?" जयवंतीबाई म्हणाल्या. "बसवा तिला."

मी सांगितले. मार्शाने क्षणभर माझ्याकडे पाहिले, मग जयवंतीबाईंकडे पाहिले, आणि तिचे हसू मावळले. काय चालले आहे ते तिला कळले होते. तिने रिसेप्शनचे कडक इस्त्रीचे जाकीट काढून माझ्या हातात दिले, आत्याचा ओला एप्रन बांधला आणि फळीमागे उभी राहिली.

गवती टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ आले. एक मोठा मासा उचलून त्यांनी भाव विचारला. मार्शाने सांगितला. त्यांनी निम्मा सांगितला. तिने मान हलवली. त्यांनी मासा परत ठेवला आणि ते चालू लागले.

मला हाक मारावीशी वाटली. एवढ्या मोक्याच्या वेळी एखादे गिऱ्हाईक सोडतात का! पण जयवंतीबाईंनी माझे मनगट घट्ट पकडले होते.

मार्शाने त्यांच्या पाठीकडे पाहिलेदेखील नाही. तिने वाटीत पाणी घेतले, त्या माशावर शिंपडले, आणि त्याचे डोके आपल्या बाजूला होते ते वळवून गिऱ्हाइकाच्या बाजूला केले. मग पुढचा मासा पुसायला घेतला.

गृहस्थ टोमॅटोच्या गाड्यापाशी थांबले. टोपी सारखी केली. आणि परत येऊन मार्शाने सांगितलेल्याच भावाला तो मासा घेतला.

मनगटावरची पकड सुटली. जयवंतीबाईंनी पदराने तोंड पुसले, जरा जास्तच वेळ, आणि मार्शाकडे पाहतच मला म्हणाल्या, "मॅडम, आता हिला मराठी शिकवायचं तुमी बगा."

"शिकवीन की!"

"पन तुमची नको हां. आमची!"