कितवी न विचारण्याचं काम

मला अक्षर येत नाही. डॉ. वसुधाताईंच्या वाढदिवसासाठी हे मी बोलते आहे, सून लिहिते आहे. चूक निघाली तर तिची, बरं निघालं तर माझं.

ताईंची नि माझी ओळख दोन वर्षांपूर्वी, अमेरिकेत टेक्सासमधल्या शुगर लँडच्या आमच्या घरी झाली. ताई मानसोपचाराच्या डॉक्टर. निवृत्त झाल्यावर शाळा-कॉलेजात खेळणाऱ्या मुलांची मनं सांभाळतात. माझी नात ईरा शाळेच्या टीममध्ये पोहते. तेव्हा तिचं जेवण तुटलं होतं, शर्यतीच्या सकाळी अंथरुणातून उठायची नाही. एक दिवस "आय ॲम डन, आजी," म्हणाली आणि दार लावून घेतलं.

सुनेने बोलावलं म्हणून ताई आल्या आणि बंद दाराबाहेर खुर्ची टाकून बसल्या. ना उपदेश, ना हाका. तासाभराने दार आतूनच उघडलं.

मग आमच्याकडे वळल्या. "परतीच्या गाडीत पहिला प्रश्न कोण विचारतं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तलावावरच्या निकालाच्या बोर्डावरचं मला वाचता येत नाही, म्हणून "कितवी आलीस गं?" हे माझंच. त्यात शर्यतीआधीच इथल्या मराठी मंडळात पेढे वाटून मी मोकळी झालेली! पोर पाण्याला नाही, माझ्या पेढ्यांना भ्याली होती.

"आजी, बोर्ड न वाचणारं माणूस या घरात एकच आहे, तुम्ही," ताई म्हणाल्या. "ईराला गाडीत तुमच्याच शेजारी बसवा. तुम्ही फक्त भूक लागली का, एवढंच विचारायचं."

"आणि राहवलं नाही तर?"

"तर पेढा तोंडात धरा. उरलेत ना?"

अशा त्या! माझ्या मुलाचं स्टॉपवॉचही त्यांनी कपाटात ठेवायला लावलं. ईरा पूर्ण एक सीझन पोहली नाही, पुढचा नुसता सराव केला, तरी "वर्ष वाया गेलं" हे शब्द कुणाला उच्चारू दिले नाहीत. दर आठवड्याला तिच्याशी बोलत. काय, ते मला कधीच सांगितलं नाही. मी खोदून विचारलं, तर माझ्याच गुडघ्यांची चौकशी करत.

गेल्या महिन्यात ईरा पुन्हा शर्यतीत उतरली. ओल्या केसांनी गाडीत शेजारी बसली. मी पेढा तोंडात धरला. तो विरघळल्यावर विचारलं, "भूक लागली का गं?"

"खूप! थालीपीठ आणलंस?"

दोन थालीपिठं संपवून आपणहून म्हणाली, "सेव्हन्थ आले, आजी. आय ॲम ओके." आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. घर येईपर्यंत मी खांदा हलवला नाही. दोन वर्षांत इतकं हलकं मला वाटलं नव्हतं.

वसुधाताई, वयाने मी मोठी, म्हणून आशीर्वादाचा हक्क माझा. तब्येत ठणठणीत ठेवा, खूप जगा. वाढदिवस कितवा, ते मी विचारणार नाही. जेवायला या. भूक लागली का, एवढंच विचारीन.