दत्तारामांच्या उजव्या कानाची सोय

दत्ताराम परब यांनी रे रोडच्या लाकडाच्या वखारीतून तीस वर्षं टेम्पो हाकला. इंजिनाच्या घरघरीत डावा कान पार गेला. निवृत्तीनंतर त्यांनी जुनी गाडी घेतली, आणि डावीकडच्या सीटवर सुभद्राबाई बसू लागल्या.

मे महिन्यात नातीच्या बारशाला गुहागरला निघाले. वाटेत रस्ता दाखवणारा फोन उन्हानं तापून बंद पडला. चिपळूणला सुभद्राबाई "उजवीकडे, अहो, उजवीकडे!" म्हणून ओरडल्या, दत्ताराम सरळ सावर्ड्याला पोचले. बारसं आटोपल्यावर यांची गाडी दारात!

लेक रुचाचा पडलेला चेहरा दत्तारामांना आठवडाभर दिसत राहिला. शेवटी ते सुभद्राबाईंना घेऊन लालबागच्या एका दुकानात गेले. "रस्ता सांगणारं यंत्र दे. फोनबिन नको."

दुकानदार विनीतनं तीन यंत्रं मांडली. पहिल्याचा पडदा हा एवढा मोठा, पण आवाज कुजबुजल्यासारखा. दुसरं खणखणीत बोलायचं, पण फाडफाड इंग्रजी. तिसरं चिमुकलं, पण खणखणीत हिंदी बोलणारं. दत्तारामांनी ते उजव्या कानाशी धरलं आणि मान डोलावली.

"काका, मोठा पडदाच घ्या. सगळे तोच नेतात."

"सगळ्यांना दोन कान आहेत रे. चल, गाडीत लावून बघू."

विनीतनं ते काचेच्या उजव्या कोपऱ्यात चिकटवलं. त्याला शेजारी बसवून शिवडीपर्यंत चक्कर झाली. मध्येच यंत्र म्हणालं, डावीकडे वळा. दत्तारामांनी टेम्पोच्या दिवसांतली गल्ली धरली. यंत्र क्षणभर गप्प झालं, मग शांतपणे नवा रस्ता सांगू लागलं.

"बघ, चुकलो तरी चिडत नाही," दत्ताराम खूश होऊन म्हणाले.

मागच्या सीटवरून सुभद्राबाई पुढे वाकल्या. "तीस वर्षांत मी किती वेळा चिडले, ते तरी ऐकू आलं का तुम्हांला?"

विनीतला हसू आवरेना. यंत्र तेच ठरलं.

पुढच्या रविवारी दोघं पहाटेच निघाले. चिपळूण आलं, यंत्र बोललं, गाडी उजवीकडे वळली. सुभद्राबाई गपचूप शेंगदाणे खात बसल्या होत्या. बाराच्या आतच गुहागर.

रुचानं पिठाच्या हातांनी दार उघडलं. "अगं बाई! मी तुम्हांला चारपर्यंत धरलं होतं. भातसुद्धा टाकला नाही अजून!"

"टाक सावकाश," म्हणत दत्तारामांनी नातीला उचललं आणि उजव्या खांद्यावर घेतलं. ती कानाशीच मोठ्यानं रडू लागली. एकही सूर न चुकवता ते ऐकत राहिले.